अण्णांकडे कसं बघायचं?

मावशी निवृत्त परिचारिका. तिची सगळी नोकरी मिरजेच्या बाजूला, मेडिसिनच्या वॉर्डात गेली. भाची पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. भाचीचे वडील, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बहीण गेली आणि अण्णा लेकीकडे राहायला आले. वय ऐंशीच्या घरात. अलीकडे त्यांच्याबरोबर एक दिवस काढणंही अवघड झालंय, आणि घरी येणारा प्रत्येक जण भाचीला एकच गोष्ट सांगून जातो: तू त्यांच्याकडे बघण्याची दृष्टी बदल, म्हणजे त्रास होणार नाही. हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो आणि तितकाच धोक्याचाही. दोन्ही का वाटतं, ते या दोघींच्या बोलण्यात आहे.

भाची: मावशी, ‘दृष्टी बदल’ हे तूही सांगणार असशील तर राहू दे. आधी काल काय झालं ते ऐक. त्यांचं पोस्टाचं पासबुक सापडेना. मी कोर्टातून आले, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तर दारातच विचारलं, “माझं पासबुक कुठं नेऊन दिलंस?” स्वयंपाकाच्या बाई समोर, शेजारचे काका समोर. तासभर शोधलं तेव्हा निघालं तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यांनीच ठेवलेलं. दाखवलं तर म्हणाले, “पकडली गेलीस म्हणून आता आणून ठेवलंस.”

मावशी: मग तू काय केलंस?

भाची: उलटतपासणी घेतली. कधी ठेवलं, घरात कोण होतं, माझा हात डब्यापर्यंत कधी पोचला. ते जास्तच भडकले. रात्री जेवले नाहीत.

मावशी: पासबुक चोरीला जाईल या भीतीनं त्यांनी ते लपवलं. मग लपवल्याचंच विसरले. जागेवर नाही हे मात्र डोळ्यांना दिसतंय. आपण उचललं ही आठवणच उरली नाही, तर कुणीतरी नेलं हाच अर्थ डोकं लावणार. आणि घरात दुसरं आहे कोण? स्मृतिभ्रंशात जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच आळ येतो, कारण चोवीस तास तोच समोर असतो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली होती. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. पुढे १९०६ साली डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ज्या आजाराची माहिती पहिल्यांदा मांडली, तो आजार हिचाच. तिच्या बाबतीत सगळ्यात आधी लक्षात काय आलं असेल? विसरभोळेपणा नंतर आला. आधी आला नवऱ्यावरचा संशय.

भाची: आजार नवा असेल, पण संशय जुना आहे. आई रोज रात्री मागचं आवरलं की निळ्या वहीत हिशेब लिहायची. कोथिंबीर, दूध, रिक्षा, माझ्या शाळेची वर्गणी. अण्णा एकेक ओळ वाचायचे. आठ आणे लागले नाहीत तर ते कुठे गेले हे आठवेपर्यंत आई तिथेच उभी. मी दाराआडून बघायचे. आज तेच प्रश्न मला विचारले जातात. जित्याची खोड ती. तिला आजार म्हणू का? आजार म्हटला की आईची ती सगळी वर्षं पुसली जातात. जणू कुणी काही केलंच नव्हतं.

मावशी: ती वही ताईनं मला दाखवली होती. भावोजी तेव्हा आजारी नव्हते, आणि त्यांचं ते वागणं वाईटच होतं. त्याबद्दल मी वाद घालणार नाही. मी आजचं विचारते. त्यांना आज हिशेब जमतो का?

भाची: नाही. मागच्या महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. परवा मंडईत भाजीवाल्यानं दोनशेच्या नोटेचे सुटे परत दिले, तर ते हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मोजायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी पुढे झाले तर सगळे पैसे खिशात कोंबले आणि माझ्यावर ओरडले, “किती उशीर करतेस!”

मावशी: आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्याला हातातले सुटे मोजता येईनात. त्यांच्या ओरडण्यात राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती. आणि ती फजिती नेमकी तू पाहिलीस, म्हणून ओरडले तेही तुझ्यावरच.

या ठिकाणी मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. दृष्टी बदलणं म्हणजे मनात दयेचा पाझर फुटणं, असं आपण धरून चालतो. मावशीनं दयेचं नावही काढलेलं नाही. तिनं एक प्रश्न विचारला, आणि भाचीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पण रागाच्या भरात बाजूला पडलेली गोष्ट वर आली. माणूस तोच, पण त्याच्याबद्दलची माहिती वाढली. नजर बदलावी ती अशी, अधिक दिसल्यामुळे. नुसतं गोड मानून घेतलेलं फार तर दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पासबुक हरवतंच.

भाची मात्र एवढ्यावर मानणारी नव्हती.

भाची: भीती असेल, मान्य. पण हा रस्ता पुढे कुठे जातो ते मी रोज बघते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना घरातून काय सांगितलेलं असतं? नवरा हात उगारतो, त्याला कामाचा ताण आहे, समजून घे. सासू टोचून बोलते, तिनंही सोसलंय, समजून घे. टाळी एका हातानं वाजत नाही. वर्षानुवर्षं समजून घेतात आणि माझ्यासमोर बसतात तेव्हा ‘त्यानं मला मारलं’ एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. ‘तसा तो वाईट नाही हो’ इथून सुरुवात होते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा शिवीगाळीला, अपमानाला, पैशांच्या कोंडीलाही हिंसाच म्हणतो. कायद्यानं जे मान्य केलं, ते मान्य करायला घरं अजून तयार नाहीत. त्यांना अजून बाईचीच नजर बदलायची असते.

मावशी: त्या बायकांना मीही समजून घ्या म्हणणार नाही.

भाची: मग फरक करायचा कसा?

मावशी: वॉर्डात जसा करायचो तसा. एक रात्र सांगते. यकृत खराब झालेला पेशंट, संध्याकाळपासून आईबहिणीवरून शिव्या. सलाईन उपटलं, एका सिस्टरच्या हाताला चावला. नवीन पोरी रडकुंडीला आलेल्या. मी सांगितलं, रक्तात अमोनिया चढलाय, बोलतोय तो अमोनिया. लॅक्टुलोज दिलं, एनिमा दिला. दोन दिवसांत पोट साफ झालं आणि माणूस शुद्धीवर आला. त्याला कुणी सांगितलं असावं. हात जोडून बसला होता. त्या रात्री त्याच्याकडे ‘नालायक’ म्हणून बघितलं असतं, तर आम्ही त्याला बांधून ठेवलं असतं आणि औषधाला उशीर झाला असता. नजर बरोबर होती म्हणून इलाज बरोबर झाला.

भाची: आणि ज्याचा अमोनिया नीट, सोडियम नीट, तरी शिव्या देतो तो?

मावशी: तोही होता. पेशंट नव्हता, वरिष्ठ होता. राऊंडला आला की सिस्टरांना पेशंटसमोर वाट्टेल ते बोलायचा. आधी मी त्याच्या नावानं रात्र-रात्र जागायची. असं कसं बोलू शकतो, त्यानं असं बोलायलाच नको, हेच डोक्यात घोळायचं. मग एकदा नीट बघितलं. वरच्यांपुढे नरम, बरोबरीच्यांशी हसून, आणि आमच्यावर मात्र तोंडाचा पट्टा. म्हणजे त्याला आवरता येत होतं. कुणापुढे आवरायचं ते तो निवडत होता. हे दिसलं तेव्हा माझा घोळ संपला. आम्ही सगळ्याजणींनी तारीखवार लिहून काढलं, खाली सह्या केल्या आणि अर्ज दिला. सही करताना माझा हात थरथरला नाही.

भाची: म्हणजे त्याच्याकडे बघण्याची नजर बदलून तू त्याच्याविरुद्ध तक्रार केलीस.

मावशी: हो. तोच तर मुद्दा आहे. अल्बर्ट एलिस म्हणायचे तेच हे. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ, १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला. मुंबईचे कि. मो. फडके त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत होते, त्यांनी तो मराठी माणसांपर्यंत आणला. समोरच्याचं वागणं ही एक गोष्ट, आणि ‘त्यानं माझ्याशी असं वागताच कामा नये’ हा आपला हट्ट ही दुसरी. पोखरतो तो हट्ट. हट्ट सुटला म्हणजे वागणं पटलं असं नाही. डोकं थंड होतं आणि पुढचं पाऊल सुचतं.

भाची: एलिसनी हे उचललं एपिक्टेटसकडून. आणि एपिक्टेटस कोण? रोममधला गुलाम. मालकाच्या घरात गुलामीचे दिवस काढणाऱ्या माणसाला मनाशिवाय दुसरं काय बदलता येणार होतं? हे तत्त्वज्ञान गुलामाला तगवतं, मला मान्य आहे. पण जिला दार उघडून बाहेर पडता येतं तिला ते देऊ नये.

मावशी: तेच पुढे मार्कस ऑरेलियस या बादशहानंही जवळ केलं. अख्खं रोमन साम्राज्य हाताशी होतं. तरी तो सकाळी स्वतःला बजावायचा की आज आगाऊ, कृतघ्न, भांडखोर माणसं भेटणार आहेत. ज्याला दार उघडता येतं त्यालाही संध्याकाळी घरीच परतावं लागतं, बाळा.

भाची: बरं, आपल्याकडचं घे. एकनाथांची गोष्ट लहानपणी तूच सांगायचीस. गोदावरीवर स्नान करून वर यायचे, एक माणूस अंगावर थुंकायचा, हे पुन्हा नदीत. शंभराहून जास्त वेळा. शेवटी थुंकणाराच पायाशी आला. मला ती गोष्ट आवडते अजून. पण नाथ पैठणातले मानाचे ब्राह्मण होते, नदी त्यांना बंद नव्हती. आणि सहन कर म्हणून त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतः निवडलं. ज्यांना पाण्याला शिवूच दिलं नाही त्यांना ही गोष्ट सांगायची का? २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. थुंकणाऱ्याकडे बघण्याची नजर बदला असं त्यांनी माणसांना सांगितलं नाही. स्वतःकडे बघण्याची नजर बदलायला सांगितलं.

मावशीनं यावर वाद घातला नाही. मीही घालणार नाही. कठीण माणसाबद्दलच्या सगळ्या सल्ल्यांमध्ये ही बाजू नेहमी सुटते: आपण त्याच्याकडे कसं बघतो याचा विचार होतो, पण त्याच्यासमोर उभं राहताना आपण स्वतःकडे कसं बघतो याचा होत नाही. पुढे मावशीनं जे नाव काढलं ते मला अनपेक्षित होतं.

मावशी: तुकोबांची जिजाई तुला काय म्हणून माहीत आहे?

भाची: तोंडाळ बायको. कीर्तनात तिच्यावर हशा पिकतो.

मावशी: माझ्याही मनात तीच होती. आता तिच्या जागी उभी राहून बघ. पुण्याच्या बऱ्या घरातली मुलगी, दम्यानं आजारी असलेल्या सवतीवर दिलेली. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. सवत गेली, तिचा मुलगा गेला, दुकान बुडालं. नवऱ्यानं कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली आणि तो डोंगरावर जाऊन बसायला लागला. घरात पोरं, दारात लोक. आणि ही बाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढते. तुकोबा गेले तेव्हा तिच्या पोटात नारायण होता. १६८५ साली ज्यानं पालखी सोहळा सुरू केला, तोच हा नारायण. वारीच्या पालखीच्या मागे त्या तोंडाळ बाईनं राखलेलं घर आहे.

भाची: म्हणजे तिचं चिडणं बरोबर होतं.

मावशी: मला तरी तसंच वाटतं. तिला काही झालं नव्हतं, तिची कुचंबणा होत होती. नीट बघितलं की कधी समोरचा आजारी दिसतो, कधी लबाड दिसतो, आणि कधी कळतं की ओरडणाराच खरं बोलतोय.

भाची: मग आमच्या घरात जिजाई कोण आहे, सांगू? दादा रविवारी बंगळुरूहून फोन करतो. अण्णा दहा मिनिटं झकास बोलतात. क्रिकेट, पाऊस, नातवाचे मार्क. नंतर दादा मला म्हणतो, “माझ्याशी तर एकदम नीट बोलले. तू उगाच चिडतेस त्यांच्यावर.” गणपतीला आला तर दोन दिवस तसेच नीट. अण्णांची मला आता सवय झाली. पण दादाच्या नजरेत या घरातली त्रासदायक व्यक्ती मी आहे, हे मला सोसवत नाही.

मावशी: हे तू मघाशीच सांगायला हवं होतंस. थोड्या वेळापुरतं सावरून बोलणं पेशंटला बरेच दिवस जमतं. फोनवर, पाहुण्यांपुढे, डॉक्टरांपुढेसुद्धा. सगळा जोर तिथे लावतात, आणि पाहुणे गेले की थकून तुझ्यावर येतात. संध्याकाळी जास्तच. पाहुण्याला बरा भाग दिसतो, घरच्याला उरलेला. दादा खोटं बोलत नाही, त्याला दिसतंच तेवढं. पण मग दृष्टी बदलायची गरज सगळ्यात जास्त त्याला आहे.

भाची: मला सांगायला मात्र सगळे येतात. त्याला कुणी सांगत नाही.

हे वाक्य मला फार खरं वाटतं. ‘समजून घे’ हा सल्ला जवळच्यालाच मिळतो: सुनेला, लेकीला, कनिष्ठाला, भाडेकरूला. जो लांब आहे त्याचं काही बिघडत नसतं, म्हणून त्याला कुणी सांगत नाही. त्यामुळे एकाच माणसाची नजर बदलत राहते आणि कामाची वाटणी जशीच्या तशी राहते. जवळच्याला थोडी उसंत मिळण्याइतकाच त्या समजुतीचा उपयोग असेल, तर ती त्याला आणखी कामाला जुंपण्याची युक्ती ठरते. मावशीलाही बहुधा हे उमगलं, कारण यानंतर ती उपदेश सोडून सिस्टरच्या सुरात बोलायला लागली.

मावशी: आधी तपासण्या. संशय जुना असला तरी गेल्या काही महिन्यांत एकदम वाढलाय, म्हणून सोडियम, थायरॉईड, बी-१२ बघायचं. लघवीत इन्फेक्शन आहे का बघायचं. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही नुसत्या तेवढ्यानं भ्रम होतो. बीपीची कुठली गोळी चालू आहे ती न्यूरॉलॉजिस्टला दाखव. आणि कान. टीव्ही किती मोठा लावतात?

भाची: खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

मावशी: मग तू स्वयंपाकघरात बाईंशी बोलतेस ते त्यांना कुजबुजल्यासारखं ऐकू येत असणार. अर्धा संशय तिथून येत असेल. कान तपासून मशीन घ्या. पासबुक हरवलं की साक्षीपुरावे काढू नकोस. “हरवलं का? चला, शोधू,” म्हण आणि त्यांच्याबरोबर शोध. सापडलं की कुठे सापडलं त्याची चर्चा नको. खरं पासबुक तुझ्या कपाटात, त्यांच्याजवळ जुनं भरलेलं राहू दे. सुटे पैसे थोडे त्यांच्या पाकिटात असू देत, रिकामं पाकीट बघून माणूस घाबरतो.

भाची: हे मी करीन. शोधायला जाईन, वाद घालणार नाही. पण एक ठरवून ठेवलंय. त्यांनी माझ्या अंगावर काही फेकलं, हात उगारला, तर मी खोलीतून निघून जाणार. भीतीनं केलं असेल तरी. आणि आईच्या वहीबद्दल ‘जाऊ दे, आता म्हातारे झाले’ असं मला कुणी म्हणायचं नाही. त्यांची सेवा मी करतेय. माफी देणं न देणं माझं मी बघेन.

मावशी: खोलीतून निघून जायला तर मी नव्या सिस्टरांनाही शिकवायची. पेशंट सुरक्षित आहे एवढं बघायचं आणि बाहेर. वहीबद्दल मला अजून वाटतं की कधीतरी ते ओझं खाली ठेवलंस तर तुलाच बरं वाटेल.

भाची: मला नाही तसं वाटत.

मावशी: बरं. मग दिवसभराचं बोलू. ब्युरोतून त्यांना सांभाळायला मामा ठेवायला हवेत, निदान तू कोर्टात असतेस तेवढा वेळ. पहिले काही दिवस अण्णा त्यांनाही चोर म्हणतील, तर ब्युरोला आजाराचं आधीच सांगून ठेव, नाहीतर तिसऱ्या दिवशी मामा निघून जातील. पैशांचं काय?

भाची: अण्णांच्या पेन्शनमधून निम्मे निघतील. उरलेले दादानं द्यावेत.

मावशी: नुसते पैसे नकोत. त्यानं पंधरा दिवस इथे येऊन राहावं, आणि त्या पंधरा दिवसांत तू घरात नसावीस. माझ्याकडे ये. दोन दिवसांत त्याला काही दिसणार नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा सावरायचे थांबतील. पासबुक त्यालाही एकदा शोधू दे.

भाची: सुट्टी नाही म्हणेल.

मावशी: म्हणू दे. फोन मी करते. तुझ्याशी तो वाद घालतो, माझ्याशी नाही घालणार. न्यूरॉलॉजिस्टची तारीख कधीची मिळते ते आधी बघ, म्हणजे त्याला तीच तारीख सांगते. डॉक्टरांपुढे अण्णा नीट बोलतील, तेव्हा महिन्याभरात काय-काय झालं ते तू कागदावर लिहून ठेव, दूधवाल्यापासून. तो कागद घेऊन आत दादानंच जायचं.

भाची: लिहिते. तारीखवार लिहिते.